राजा प्रसेनजित आणि शेवटचा घास

भगवान बुद्धांच्या काळातले राजे म्हटले की बिंबिसार, अजातशत्रू आणि प्रसेनजित ही तीन नावे कुणाही उपासकाच्या तोंडी चटकन येतात. बिंबिसाराने वेळुवन दान दिले म्हणून तो लक्षात राहतो. अजातशत्रूने बापाचा जीव घेतला म्हणून तो लक्षात राहतो. प्रसेनजिताचे तसे नाही. तो फार मोठा पुण्यवान नव्हता आणि फार मोठा पापीही नव्हता. चुकायचा, तथागतांकडे जायचा, बसून ऐकायचा, थोडा सुधारायचा आणि पुन्हा कुठेतरी चुकायचा. म्हणजे थेट तुमच्या-आमच्यासारखा. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही त्याचे चरित्र निवडले.

हे चरित्र आम्ही त्याच्या जेवणाच्या बाजूने सांगणार आहोत. राजाचे चरित्र आणि ताटावरून सांगता? असे कुणी विचारील. पण आज आपल्या घरोघरी काय बोलणे चालते ते पाहा. कुणाला साखरेचा आजार, कुणाला रक्तदाब, कुणाचे वजन वाढलेले. मग एकजण सांगतो भात सोडा, दुसरा सांगतो रात्रीचे जेवण सोडा, तिसरा मोबाइलवर आलेली यादी दाखवतो. चार दिवस ती यादी कडक पाळायची, पाचव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत सगळी कसर भरून काढायची आणि सहाव्या दिवशी स्वतःला दोष देत बसायचे. या चक्रात सापडलेल्या माणसाला प्रसेनजिताकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कारण तोही याच दुखण्याने बेजार होता आणि त्याला वैद्य भेटला तो साक्षात तथागत.

कोसलचा राजा

कोसल देशाची राजधानी श्रावस्ती. अचिरवती म्हणजे आजची राप्ती, तिच्या काठी वसलेले हे नगर. उत्तर प्रदेशात सहेत-महेत या नावाने जे अवशेष आहेत, त्यातले महेत म्हणजे जुनी श्रावस्ती आणि सहेत म्हणजे अनाथपिंडिकाने दान दिलेले जेतवन. परंपरा सांगते की भगवंतांनी आपले २५ वर्षावास श्रावस्तीत केले. त्यामुळे प्रसेनजिताला (पालीत त्याला पसेनदी म्हणतात) तथागतांचा सहवास लाभला तेवढा क्वचितच कुठल्या राजाला लाभला असेल.

प्रसेनजित हा महाकोसल राजाचा मुलगा. शिकायला तक्षशिलेला गेला. तिथे लिच्छवींचा महाली आणि मल्लांचा बंधुल हे त्याचे सोबती. विद्या पुरी करून परतल्यावर बापाने त्याच्या हाती राज्य दिले. कोसलबरोबर काशीचा मुलूखही त्याच्याच सत्तेखाली होता. बहीण बिंबिसाराला दिलेली. तिच्या लग्नात काशीतले एक गाव आंदण म्हणून दिले होते. पुढे अजातशत्रूच्या करणीने बिंबिसार मेला, त्या दुःखाने बहीणही गेली आणि त्या गावावरून मामा-भाच्यात लढाया जुंपल्या. प्रसेनजित आधी हरला, मागून जिंकला. भाचा जिवंत हाती सापडला. त्याचे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ काढून घेतले, पण जीव घेतला नाही. माणूस मनाने वाईट नव्हता.

तथागतांची आणि त्याची पहिली भेट मात्र अविश्वासाने सुरू झाली. मोठमोठे वयोवृद्ध आचार्य स्वतःला पूर्ण ज्ञानी म्हणवून घ्यायला धजत नाहीत, मग हा तरुण श्रमण कसा काय म्हणवतो, असे राजाला वाटले आणि त्याने ते विचारलेही. भगवंतांनी त्याला समजावले की राजपुत्र, साप, विस्तव आणि भिक्खू या चौघांना लहान समजून कधी हलके लेखू नये. राजाला ते पटले आणि तो उपासक झाला. संयुत्त निकायात कोसलसंयुत्त म्हणून एक भाग आहे. त्यात या दोघांच्या भेटींची २५ सुत्ते आहेत. ती वाचताना असे वाटते की राजा दरबार आटोपून एखाद्या जाणत्या मित्राच्या घरी डोकावावे तसा जेतवनात येत असावा.

मल्लिकेची टोपली

राजाच्या आयुष्यात दुसरे शहाणे माणूस म्हणजे राणी मल्लिका. ती काही राजकन्या नव्हती. श्रावस्तीतल्या माळ्यांच्या प्रमुखाची पोर. वयाच्या सोळाव्या वर्षी एकदा मैत्रिणींबरोबर फुलबागेकडे निघाली होती. टोपलीत दुपारच्या न्याहारीला कुम्मास घेतलेला. कुम्मास म्हणजे गोरगरिबांचे जाडेभरडे शिजवलेले अन्न. वाटेत भिक्षेला निघालेले तथागत दिसले. तिने आपली न्याहारी त्यांच्या पात्रात घातली आणि वंदन केले. त्याच दिवशी लढाईत मार खाऊन आलेला प्रसेनजित त्या बागेशी थांबला. थकलेल्या राजाला तिने आधार दिला, त्याने तिची विचारपूस केली आणि तिला राणी करून घरी नेले. जातकाच्या अट्ठकथेत ही कथा अशी येते.

या कुम्मासाची आठवण आम्ही मुद्दाम ठेवतो. कारण बोधी मिळण्यापूर्वी सिद्धार्थाने कठोर तपश्चर्या सोडली, तेव्हा त्याने घेतलेले अन्नही मज्झिम निकायात भात आणि कुम्मास असेच सांगितले आहे. सुजातेची खीर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, पण सुत्तातले अन्न इतके साधे आहे. राजवाड्यातली मेजवानी नाही आणि उपासाचा फराळही नाही. भुकेल्या माणसाचे रोजचे जेवण.

द्रोणभर भात

आता मूळ गोष्टीकडे वळू. प्रसेनजिताला खाण्याचे वेड होते. दोणपाक नावाच्या सुत्तात सांगितले आहे की तो द्रोणभर तांदळाचा भात खात असे. इथे द्रोण म्हणजे पंगतीत आमटीसाठी ठेवतात तो पानांचा द्रोण समजू नये. द्रोण हे धान्याचे जुने माप. चार नाळींचे एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण, म्हणजे १६ नाळी. नाळी हे एका माणसाच्या पोटभर जेवणाचे माप धरले, तर राजाचे ताट सोळा जणांचे होते. वर कालवणे, मांस, तोंडी लावणी वेगळी. आकडा कथेचा म्हणून थोडा कमी करून घेतला तरी राजा तडस लागेपर्यंत जेवत होता एवढे खरे.

असाच एकदा भरपेट जेवून तो जेतवनात आला. धापा टाकत होता. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर असे वर्णन आहे की त्याला धड बसवत नव्हते, झोपेने तो इकडून तिकडे कलत होता, आडवे व्हावे तर समोर भगवंत बसलेले. जेवण अंगावर येणे म्हणतात ते हेच. खाल्ल्याचे सुख जिभेवर घटकाभर आणि त्याचा त्रास मात्र दिवसभर.

तथागतांनी त्याच्याकडे पाहिले आणि ओळखले. रागावले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी एक लहानशी गाथा म्हटली. तिचा आशय असा की जो माणूस नेहमी स्मृती जागी ठेवतो आणि मिळालेल्या जेवणात आपले माप ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो आणि त्याचे आयुष्य राखले जाते. एवढेच. भात वाईट की चांगला, मांस खावे की सोडावे, दिवसातून किती वेळा जेवावे, यातले एक अक्षर त्यात नाही.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले की ही गाथा भगवंतांकडून पाठ करून घे आणि माझ्या जेवणाच्या वेळी म्हणत जा, त्याबद्दल तुला रोज १०० कार्षापण मिळतील. तरुणाने ती पाठ केली आणि तो रोज म्हणू लागला. हळूहळू राजाचे जेवण कमी होत गेले आणि शेवटी नाळीभर भातावर येऊन थांबले. द्रोणावरून नाळीवर, म्हणजे सोळातला एक वाटा. अंग हलके झाले. मग एक दिवस आपल्या हातापायांवरून हात फिरवीत राजा आनंदाने म्हणाला की भगवंतांनी माझ्यावर या लोकीची आणि परलोकीची अशी दुहेरी कृपा केली.

शेवटच्या घासाची युक्ती

सुत्तात एवढीच हकीकत आहे. पण सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या अट्ठकथांनी त्यात एक बारीक तपशील जोडला आहे आणि आमच्या मते सगळी खुबी त्यातच आहे. तथागतांनी त्या तरुणाला सांगितले की राजा जेवायला बसताच गाथा म्हणू नकोस. जेवण संपत आले, राजाने शेवटचा घास उचलला, की मग म्हण. ती ऐकून राजा तो घास खाली ठेवील. त्या घासात शिते किती असतील ते बघ आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच तांदूळ कमी शिजवायला सांग.

वाचकहो, या युक्तीवर जरा थांबून विचार करू या.

पहिली गोष्ट, राजाला उपाशी ठेवले नाही. भूक लागलेल्या माणसाला पहिल्याच घासाला उपदेश केला तर तो चिडतो. आणि राजा चिडला तर उपदेश करणाऱ्याची धडगत नसते. भुकेचे घास त्याला सुखाने खाऊ दिले. आठवण करून दिली ती भूक संपून नुसती हाव उरते त्या ठिकाणी. ती जागा नेमकी कुठली, हे जेवणाऱ्याला सहसा कळतच नाही, कारण त्या वेळी हात आपोआप ताटाकडून तोंडाकडे जात असतो. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला थोडा वेळ लागतो हे आज डॉक्टरही सांगतात. तेवढ्या वेळात घाईने जेवणारा माणूस आणखी चार पोळ्या हाणतो. गाथेने केले काय, तर त्या आपोआप चालणाऱ्या हाताला एक थांबा दिला.

दुसरी गोष्ट, राजाचे जेवण एका दिवसात सोळातल्या एका वाट्यावर आणले नाही. एकेक घास कमी केला. कालच्यापेक्षा आज घासभर कमी, एवढा फरक पोटाला जाणवत नाही आणि जिभेला टोचत नाही. आणि घास खाली ठेवला तो राजाने स्वतः. कुणी त्याचा हात धरला नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्या समाजाने भूक पाहिली आहे. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. ताटात टाकू नये, अन्नाचा कण वाया घालवू नये, हे त्यांचे सांगणे रक्तातून आले आहे. त्यामुळे आपल्याकडे पोट भरले तरी आई म्हणते, एवढंसं राहिलंय, संपवून टाक. मग पोट कचऱ्याचा डबा असल्यासारखे आपण ते संपवतो. अट्ठकथेतल्या युक्तीत या अडचणीचे उत्तर आहे. राहिलेला घास पोटात ढकलायचा नाही आणि रोज रोज टाकायचाही नाही. उद्याच्या पातेल्यात तेवढे तांदूळ कमी घालायचे. म्हणजे ताटातली जाणीव स्वयंपाकघरापर्यंत पोचली पाहिजे. अन्नाचा मान राखण्याची याहून चांगली रीत कुठली?

तथागतांनी पथ्याची यादी का दिली नाही

भगवंतांना आहाराचे नियम ठाऊक नव्हते असे नाही. उलट त्यांच्याइतके कडक नियम पाळून पाहिलेला माणूस विरळा. त्या काळी आहारानेच शुद्धी मिळते असे मानणारे श्रमण-ब्राह्मण होते. कुणी फक्त बोरांवर राहायचे, कुणी फक्त मुगावर, कुणी तिळावर, कुणी तांदळावर. सिद्धार्थाने हे सर्व करून पाहिले. दिवसाला एक बोर, एक दाणा, इथपर्यंत तो गेला. मूग-कुळथासारख्या कडधान्यांचे पसाभर कढण पिऊन राहिला. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती यायचा. अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडायचे. आणि एवढे करून हाती काय आले, तर काही नाही. मग त्याने अन्न घेतले. त्याबरोबर पाच सोबती त्याला खादाड ठरवून सोडून गेले. पुढे सारनाथला त्याच पाचांना पहिला उपदेश झाला तो मध्यम मार्गाचा.

संघ वाढल्यावरही भगवंतांनी हा समतोल सोडला नाही. देवदत्ताने पाच मागण्या पुढे केल्या, त्यात भिक्खूंनी मासे-मांस मुळीच खाऊ नये ही एक होती. भगवंतांनी ती सक्ती मान्य केली नाही. आपल्यासाठी प्राणी मारला असे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढी मर्यादा त्यांनी घालून दिली. दुसऱ्या एका प्रसंगी उदायी नावाच्या परिव्राजकाला वाटले की गौतमाचे शिष्य त्याला मानतात ते तो कमी खातो म्हणून. भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले की माझ्या शिष्यांत वाटीभर अन्नावर राहणारे आहेत, बेलफळाएवढ्या अन्नावर राहणारे आहेत, आणि मी कधी कधी पात्र काठोकाठ भरून, त्याहूनही जास्त जेवतो. केवढा हा मोकळेपणा! किती घास खाल्ले यावर त्यांनी आपला मोठेपणा कधी ठरू दिला नाही.

याचा अर्थ शिस्त नको असा मात्र कुणी काढू नये. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. पौर्णिमेला अष्टशील घेणारे आपले उपासक-उपासिकाही त्या दिवशी हा नियम पाळतात. पण त्या नियमालाही जाणिवेची जोड आहे. हे अन्न मी चैनीसाठी किंवा बळाचा माज करण्यासाठी घेत नाही, शरीर टिकावे आणि धम्माचरण घडावे यासाठी घेतो, असा विचार भिक्खूने जेवताना करायचा असतो. हा विचार नसेल तर बारा वाजण्याच्या आत दोन वेळचे कोंबून घेणारा नियमाने सुटतो, पण धम्माने सुटत नाही. आणि आजारी भिक्खूसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ यांची सवलत भगवंतांनीच दिली. आजाऱ्याने आजाऱ्यासारखे वागावे. आपल्यापैकी ज्याला डॉक्टरांनी औषध आणि पथ्य दिले आहे त्याने ते पाळलेच पाहिजे. गाथा म्हणून साखर उतरत नाही. पण पथ्य टिकते कुणाचे, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आणखी एक. माप ओळखून खा, हा उपदेश भरल्या पोटाला आहे. आळवी गावी एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी उपदेशाला आला, तेव्हा तथागतांनी त्याला आधी जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. राजाला घास खाली ठेवायला शिकवणारे आणि शेतकऱ्याला ताट वाढायला लावणारे भगवंत एकच आहेत. समोरचा माणूस पाहून ते बोलत.

ताटाबाहेरची स्मृती

प्रसेनजिताचे वजन उतरले, पण त्याचे चरित्र तिथे संपत नाही. जाणीव ताटापुरती ठेवून भागत नाही, हे त्याच्या पुढच्या आयुष्याने दाखवून दिले.

एका रात्री राजाने भयंकर आवाज ऐकले. पुरोहितांनी मोठे अरिष्ट सांगितले आणि यज्ञाचा तोडगा काढला. ५०० बैल, ५०० गोऱ्हे, ५०० कालवडी, ५०० बोकड आणि ५०० मेंढे यज्ञाच्या खांबांशी बांधले गेले. दास आणि नोकर शिक्षेच्या भीतीने रडत रडत तयारी करीत होते. तेव्हा मल्लिका पुढे आली. अट्ठकथेत ती नवऱ्याला चांगलेच सुनावते की द्रोणाच्या मापाने, नाना कालवणांशी भात जेवता, दोन दोन राज्ये चालवता, पण अक्कल मात्र बेताची! दुसऱ्याचे जीव घेऊन स्वतःचा जीव कसा वाचेल, असा तिचा सवाल होता. तिने राजाला तथागतांकडे नेले, भीती गेली आणि जनावरे सुटली. ज्या बाईने टोपलीतली न्याहारी दान दिली, तिलाच राजाच्या ताटाचा आणि राजाच्या बुद्धीचा संबंध असा नेमका दिसला.

दुसरा प्रसंग दानाचा. अनाथपिंडिकाच्या आणि विशाखेच्या घरी भिक्खूंना रोज भोजन मिळते हे पाहून राजालाही उत्साह आला. त्याने भिक्खूंना वाड्यावर बोलावले आणि सात दिवस स्वतःच्या हाताने वाढले. आठव्या दिवशी तो विसरला. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवलेही नव्हते. राजवाड्यात आज्ञेशिवाय कोण हलणार? अन्न होते, पण वाढायला कुणी नाही. भिक्खू वाट पाहून निघून गेले. असे काही दिवस चालले आणि शेवटी एकटे आनंद थेर मागे राहिले. राजाला राग आला की एवढे अन्न वाया गेले. पण वाया गेले ते कुणामुळे? अन्नापाशी मन नसेल तर खाणाऱ्याचेही बिघडते आणि वाढणाऱ्याचेही. आपल्या विहारात भोजनदान करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

तिसरा प्रसंग सर्वांत जड. तक्षशिलेचा मित्र बंधुल पुढे प्रसेनजिताचा सेनापती झाला. न्यायाधीश लाच खाऊन निकाल देत होते, बंधुलाने ते उघडकीस आणले. दुखावलेल्या लोकांनी राजाचे कान भरले की बंधुल राज्य घेणार आहे. राजाने शहानिशा केली नाही. त्याने बंधुलाला आणि त्याच्या ३२ मुलांना सरहद्दीवर पाठवून मारवले. मागून सत्य कळले. मग राजाचे सुख संपले. शेवटच्या घासाला थांबणारा माणूस कान भरले जाताना थांबला नाही. गाथा म्हणणारा तरुण त्या वेळी जवळ नव्हता, आणि ज्याची त्याने आपली आपण करून द्यायची आठवण राजाला झाली नाही.

पश्चात्तापाने त्याने बंधुलाचा भाचा दीघकारायण याला सेनापती केले. मामाचा खून भाचा विसरला नव्हता.

अखेरचा प्रवास

मल्लिका आधीच गेली होती. राजा ८० वर्षांचा झाला होता आणि तथागतही ८० वर्षांचे. शाक्यांच्या मेदळुंप गावी भगवंत आहेत असे कळल्यावर राजा त्यांना भेटायला गेला. तलवार आणि पगडी दीघकारायणाच्या हाती देऊन तो एकटा आत गेला, पायांशी वाकला आणि आपली श्रद्धा का आहे ते एकेक करून सांगू लागला. त्यातले एक कारण आपल्या विषयाचे आहे. त्याने सांगितले की दुसरीकडचे श्रमण मी पाहिले, ते वाळलेले, निस्तेज, पिवळे पडलेले, अंगावर शिरा उठलेले असतात. इथले भिक्खू मात्र प्रसन्न, टवटवीत आणि निर्धास्त दिसतात. ज्याने स्वतः खाण्याचे दोन्ही काठ पाहिले होते, त्या राजाची ही पारख होती.

तो बाहेर आला तेव्हा सेनापती नव्हता. राजचिन्हे घेऊन तो निघून गेला होता आणि त्याने राजपुत्र विडूडभाला गादीवर बसवले होते. राजासाठी एक घोडा आणि एक दासी एवढेच मागे ठेवले होते. भाच्याची मदत मागायला म्हातारा राजा राजगृहाच्या वाटेला लागला. अट्ठकथा सांगते की वाटेत त्याला मिळाले ते कण्यांचे जाडेभरडे अन्न. तेच खाऊन तो पाणी प्याला. राजवाड्यात वाढलेल्या त्या देहाला ते पचले नाही. राजगृहाला पोचला तेव्हा रात्र झाली होती आणि नगराचे दरवाजे बंद होते. बाहेरच्या एका धर्मशाळेत तो आडवा झाला आणि त्याच रात्री त्याने प्राण सोडला. उजाडल्यावर दासीचा आक्रोश ऐकून लोक जमले. अजातशत्रूने मामाचे अंत्यसंस्कार इतमामाने केले.

हा शेवट वाचून मन कळवळते. कुणी म्हणेल, मग गाथेचा उपयोग काय झाला? आम्हाला तसे वाटत नाही. माप ओळखून जेवल्याने माणूस अमर होत नाही, की केलेल्या कर्माचे फळही चुकत नाही. धापा टाकत जेतवनात येणारा राजा ८० वर्षे जगला, म्हातारपणी स्वतःच्या पायांनी तथागतांपर्यंत गेला आणि शुद्ध मनाने त्यांच्या पाया पडला, हे गाथेचे देणे. मित्राच्या रक्ताचे देणे मात्र वेगळे होते आणि ते त्याला फेडावे लागले.

आपण काय घ्यावे

आपल्यापाशी रोज १०० कार्षापण देऊन गाथा म्हणायला कुणी ठेवण्याची ऐपत नाही आणि गरजही नाही. जेवताना टीव्ही बंद ठेवावा, मोबाइल बाजूला ठेवावा. पहिले घास भुकेने, चवीने खावेत. ताट संपत आले की एकदा हात थांबवून स्वतःला विचारावे, आता भूक आहे की नुसती हाव? उत्तर हाव असे आले तर घास खाली ठेवावा आणि उद्या पातेल्यात मूठभर कमी टाकावे. घरात बायकांनी उरलेसुरले संपवायचे, ही रीतही याच हिशेबाने बंद करावी. कारण शेवटचा घास बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येतो, मग भूक असो वा नसो. आणि वाढताना शेजारच्या घरात चूल पेटली आहे की नाही, याकडेही लक्ष असू द्यावे.

एखाद्या दिवशी जमले नाही तर स्वतःला कोसू नये. प्रसेनजिताचे माप एका दिवसात उतरले नव्हते, ते घासाघासाने उतरले. आजच्या जेवणाला जमले नाही तर रात्रीच्या जेवणाला पुन्हा ताट समोर येणारच आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.